साखर उतरवताना पडद्यावर नजर

धानाची मळणी उरकली की भंडारा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना डोळे दाखवायला सवड मिळते. एखाद्या शाळेच्या पडवीत शिबिर भरते, रांग लागते, बोटाला सुई टोचली जाते आणि कागदावर आकडा पडतो : ३४०. "आजी, मोतीबिंदू पिकलाय, पण शुगर फार आहे. कमी करून या, मग ऑपरेशन करू." आजी घरी येतात. रात्रीचा भात बंद होतो. कुणी सांगितले म्हणून कारल्याचा रस सुरू होतो. सकाळी एकदा घ्यायची गोळी दोन्ही वेळा घेतली जाते. महिना-दीड महिन्यात आकडा १५० वर येतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. नेमके त्याच सुमारास आजी म्हणू लागतात, की आधी जेवढे दिसत होते तेवढेही आता दिसत नाही. मग गावात एक वाक्य फिरू लागते : "शुगर उतरली अन् डोळे गेले."

ही कुणा एकीची गोष्ट नाही. मधुमेहाच्या रुग्णांत वावरणाऱ्या कुणालाही ती थोड्याफार फरकाने ओळखीची वाटेल. शिबिरातला सल्ला चुकीचा नव्हता आणि गावातले वाक्यही सगळे खोटे नाही. साखर उतरवल्याने डोळे वाचतात, हे गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाने पक्के झाले आहे. साखर झपाट्याने उतरली तर काही डोळ्यांची स्थिती काही काळ बिघडते, हेही त्याच संशोधनातून पुढे आले आहे. ही दोन सत्ये एकत्र सांगितली जात नाहीत, आणि अडचण तिथेच आहे.

दोन खिडक्या

२०१० मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात २१ राज्यांतले १०० जिल्हे होते. महाराष्ट्रातले सहाही जिल्हे विदर्भातले निवडले गेले आणि भंडारा त्यांत होता. म्हणजे बारा लाख वस्तीचा हा धानाचा जिल्हा साखर मोजण्याच्या सरकारी कामात राज्यात पहिल्या फळीत आहे. आज तिशीपुढच्या माणसांची नोंद आशाताई घरोघरी जाऊन करतात आणि शुगर-बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

डोळ्यांचा कार्यक्रम त्याहून जुना आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालतो आणि त्याची सारी घडण मोतीबिंदूभोवती झाली. त्यामुळे आपल्याकडे 'डोळ्यांचे शिबिर' म्हटले की मोतीबिंदू, आणि 'शुगर' म्हटले की गोळी. शुगरच्या खिडकीवर डोळ्याच्या पडद्याची चौकशी होत नाही. डोळ्यांच्या खिडकीवर साखरेचा आकडा एवढ्यासाठीच पाहतात, की ऑपरेशन करता येईल की नाही. दोन्ही खिडक्यांमधले अंतर रुग्णालाच तोडावे लागते आणि ते तोडायचे असते हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मधुमेह हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, हा समज आता मोडीत निघाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांची राष्ट्रीय पाहणी झाली. तीत मधुमेह असलेल्या दर सहा माणसांत एकाच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या, ३.६ टक्क्यांच्या बाबतीत दृष्टी जाण्याचाच धोका होता. आपल्या शेजारी, नागपूरजवळच्या आठ खेड्यांत सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००९ दरम्यान तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. मध्य भारतातल्या शेतकरी माणसाच्या डोळ्यांविषयी जी भरवशाची माहिती जगाला मिळाली, तिचा मोठा भाग या खेड्यांतून गेला. मधुमेह असलेली माणसे आपल्या बांधावर उभी आहेत. त्यांच्या पडद्याकडे पाहायची सवय मात्र आपल्या दवाखान्यांना अजून लागायची आहे.

पडद्यावर काय घडते

डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून डॉक्टर आत पाहतात तेव्हा त्यांना नारिंगी रंगाचा पडदा दिसतो. त्यावर नदीच्या फाट्यांसारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की सर्वांत बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. भिंतीला फुगवटे येतात आणि ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांतून पाझरलेल्या चरबीचे पिवळे कण साचतात. रक्त न पोचलेल्या जागी कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग उमटतात. पाझर पडद्याच्या मध्यभागी साचला की वाचणे आणि चेहरे ओळखणे अवघड होते. पुढे उपाशी पडलेला पडदा नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक संदेश धाडतो. या नव्या वाहिन्या ठिसूळ असतात. एखाद्या सकाळी त्यांतली एक फुटते आणि डोळ्यासमोर काळे जाळे पसरते.

यातला बराचसा प्रवास मुकाट होतो. दुखत नाही, लाली येत नाही आणि दूरचा तक्ताही नीट वाचता येतो. म्हणून 'मला तर चांगलं दिसतं' हा पडदा निरोगी असल्याचा पुरावा होत नाही. भिंतीवरचे कालनिर्णय घ्या, एक डोळा झाकून त्याच्या चौकटींच्या रेषा पाहा, मग दुसरा झाका. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधले अंक पुसट झाले तर उद्याची वाट पाहू नये. रेषा सरळ दिसल्या तरी वर्षातून एकदा थेंब टाकून तपासणी करावीच लागते. टाइप २ मधुमेहात पहिली तपासणी आजार कळल्याबरोबर करायची, कारण आजार कळण्याआधी तो कित्येक वर्षे अंगात मुरलेला असू शकतो.

साखर उतरवण्याचा फायदा

१९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास चालला. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास ठेवली आणि दुसऱ्याची नऊच्या. ज्यांच्या पडद्यावर सुरुवातीला काहीच नव्हते, त्यांच्यात आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ज्यांना तो आधीच होता, त्यांच्यात तो वाढण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी झाले. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या टाइप २ च्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे एचबीए१सीमध्ये जेमतेम एका टक्क्याचा फरक होता, तरी बारीक वाहिन्यांच्या आजारांत २५ टक्के घट झाली. लेझरची गरज कमी पडली, हा त्यातला मोठा वाटा.

त्याच ब्रिटिश अभ्यासाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ज्यांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर ठेवला, त्यांच्यात पडद्याचा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि दृष्टी लक्षणीय उतरण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाले. डोळे वाचवायला बीपीची गोळी शुगरच्या गोळीइतकीच लागते. 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून ती सोडणारे आणि खर्रा मात्र न सोडणारे आपल्या गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी.

मग साखर अगदी सामान्य माणसाइतकी खाली नेली तर? अमेरिका आणि कॅनडात १०,२५१ रुग्णांवर हे करून पाहिले गेले. एचबीए१सी सहाच्या खाली नेण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून तो भाग फेब्रुवारी २००८ मध्ये थांबवावा लागला. याच अभ्यासात डोळ्यांना मात्र फायदा झाला होता : चार वर्षांत आजार वाढणाऱ्यांचे प्रमाण १०.४ वरून ७.३ टक्क्यांवर आले. म्हणून हल्ली सर्वांना एकच लक्ष्य लावत नाहीत. कामाच्या वयातल्या माणसाला सातच्या आसपास. एकटे राहणाऱ्या, हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या वृद्धाला आठच्या आसपासही चालते.

उतरताना होणारी पडझड

आता त्या आजीच्या वाक्याकडे येऊ. तिला कमी दिसू लागले याची निदान दोन कारणे असू शकतात.

पहिले साधे आहे. साखर खूप वाढलेली असते तेव्हा डोळ्याच्या भिंगातल्या पाण्याचे प्रमाण बदललेले असते. साखर भराभर खाली आली की ते पुन्हा बदलते आणि चष्म्याचा नंबर हलतो. विशेषतः जवळचे धूसर होते. काही आठवड्यांत साखर स्थिरावली की नजर आपोआप ताळ्यावर येते. या काळात घाईने नवा चष्मा करू नये. पैसे वाया जातात.

दुसरे कारण गंभीर आहे. पडद्यावर आजार आधीच असेल आणि साखर झपाट्याने उतरली, तर पहिल्या काही महिन्यांत तो उलट वाढू शकतो. १९८० च्या दशकात इन्सुलिन पंपाच्या सुरुवातीच्या प्रयोगांत हे प्रथम ठळकपणे दिसले आणि डॉक्टर चक्रावले. पुढे त्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात त्याचे मोजमाप झाले. पहिल्या वर्षात काटेकोर गटातल्या १३.१ टक्के रुग्णांत असा बिघाड दिसला; नेहमीच्या उपचारांच्या गटात तो ७.६ टक्के होता. यामागचे कारण पूर्ण उलगडलेले नाही. जादा साखरेवर कसेबसे भागवणाऱ्या पडद्याची रसद अचानक तुटते, असा एक अंदाज आहे. वाढीच्या रसायनांचा हात असावा, असा दुसरा.

हा प्रश्न नव्या औषधांमुळे परत चर्चेत आला. २०१६ मध्ये सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती ३ टक्के रुग्णांत आढळल्या. औषध न घेणाऱ्या गटात त्या १.८ टक्के होत्या. बारकाईने पाहता त्यांतले बहुतेक आधीच पडद्याचा आजार असलेले, इन्सुलिनवर असलेले आणि साखर वेगाने उतरलेले होते. २०२५ मध्ये मोंजारो आणि विगोव्ही ही याच प्रकारची इंजेक्शने भारतीय बाजारात आली. वजन उतरवायला ती मागणाऱ्यांत मधुमेहीही आहेत, म्हणून ही नोंद भंडाऱ्याच्या वाचकालाही लागू पडते. गरोदरपणात साखर घाईने आटोक्यात आणताना हाच धोका असतो. म्हणून मधुमेही स्त्रीने शक्यतो दिवस राहण्याआधी आणि मग पहिल्या तिमाहीत पडदा दाखवावा.

किती सावकाश?

इथे लोकांना वाटते, की उत्तर सोपे आहे : हळू उतरवा. बरेच डॉक्टरही तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्क्यांहून जास्त उतरू नये, असा बेत ठेवतात, विशेषतः एचबीए१सी दहाच्या वर असेल आणि पडदा खराब असेल तेव्हा. सावधगिरी म्हणून ते ठीक आहे. पण पुराव्याशी प्रामाणिक राहायचे तर सांगावे लागते, की त्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासातल्या संशोधकांना सावकाश उतरवल्याने बिघाड टळतो असे आढळले नाही. उलट त्यांना दिसले ते असे : सुरुवातीला बिघडलेले कित्येक डोळे दीड वर्षात सावरले आणि दीर्घकाळात काटेकोर गटच पुढे राहिला.

मग धडा काय? वेगावर वाद आहे, पण आधी पडदा पाहावा यावर कुणाचाही वाद नाही. आपल्या माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांवर पाणी सोडणारा माणूस तुडूम किती उघडायचे हे नंतर ठरवतो, आधी खालचा पाट आणि बांध्या पाहून येतो. पाट धड असेल तर पाणी जोरात गेले तरी चालते. पाट फुटलेला असेल तर आधी तो बांधावा लागतो. पडदा स्वच्छ असलेल्याची साखर नेटाने उतरवावी, भिऊ नये. पडद्यावर बराच आजार असेल तर नेत्रतज्ज्ञाने लेझर किंवा इंजेक्शनची गरज आधी ठरवावी, मग साखर उतरवण्याचा बेत आखावा आणि पहिल्या वर्षात दर तीन-चार महिन्यांनी पडदा पुन्हा पाहावा. मोतीबिंदू इतका पिकला असेल की मागचा पडदा दिसतच नाही, तर सोनोग्राफीने अंदाज घ्यावा आणि ऑपरेशननंतर लगेच पडदा तपासून घ्यावा. कशाही स्थितीत 'डोळ्यांसाठी शुगर थोडी वरच राहू द्या' हा अर्थ यातून काढू नये. वर राहिलेली साखर पडद्याला सोडत नाही.

रोवणीच्या दिवसांतली साखर

साखर सुरक्षितपणे उतरवण्याला दुसरीही बाजू आहे. साखर ७० च्या खाली घसरणे हा डोळ्यांचा नाही, जिवाचा धोका आहे. आपल्याकडे तो आषाढ-श्रावणात वाढतो. उन्हाळ्यात घरी बसून असताना ठरवलेली गोळी रोवणीतही तशीच चालू असते. बाई सकाळी गोळी घेऊन बांधीत उतरते, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावते आणि शिदोरी उशिरा सोडते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी मात्र पोटात अन्न आहे की नाही, हे पाहत नाही. दरदरून घाम, थरथर, भूक, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. पावसात भिजलेल्या अंगावरचा घाम कुणाला दिसत नाही आणि 'थकव्याने चक्कर आली' म्हणून बाईला बांधावर निजवतात.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजावी, पंधरा मिनिटांनी आराम नसेल तर पुन्हा, आणि मग काहीतरी खायला द्यावे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर अंगी लागत नाही. ग्लुकोजची पूडच लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. सगळ्यात बरे म्हणजे रोवणी आणि कापणीच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीचे प्रमाण बदलून घ्यावे.

'देशी' चूर्णांपासूनही सावध राहावे. काही चूर्णांत ॲलोपॅथीच्याच साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची भेसळ निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चूर्णाने साखर दोन दिवसांत पडली तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी.

आकडा खरा आहे का?

पूर्व विदर्भाची आणखी एक खासियत या प्रश्नात येते : सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात हा आनुवंशिक दोष बऱ्याच घरांत आहे. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे मोजमाप. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसत्या वाहकांतही आकडा किंचित कमी दिसू शकतो. उलट लोह कमी असल्याने झालेल्या रक्तक्षयात तो खोटा जास्त येतो. म्हणजे एका घरात सुनेचा 'साडेसहा' फसवा चांगला आणि सासूचा 'आठ' फसवा वाईट असू शकतो. सिकलसेलचे कार्ड घरात असेल तर ते शुगर तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. मग ते बोटातल्या साखरेच्या नोंदींवर किंवा फ्रुक्टोसामिन तपासणीवर विसंबतील. सिकलसेल स्वतःही पडद्याच्या वाहिन्यांना इजा करतो, त्यामुळे अशा माणसाला पडद्याची तपासणी दुप्पट महत्त्वाची.

ताटातला भात

भंडाऱ्याच्या माणसाला 'भात सोडा' सांगणे म्हणजे वैनगंगेला गोसेखुर्दला न थांबता जा म्हणण्यासारखे आहे. चिन्नोरचा वास असलेले ताट कुणाला सोडवेल? पण भाताचा ढीग निम्मा करता येतो, आधी भाजी आणि वरण खाऊन मग भाताला हात घालता येतो, तळ्यातले मासे ताटात वाढवता येतात. उसना तांदूळ साध्या तांदळापेक्षा साखर थोडी सावकाश चढवतो. इथल्या गिरण्यांत तो निघतोच.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेला दोन वेळा जेवणाचा मार्गही अनेकांनी धरला आहे. कोणताही उपवासाचा मार्ग धरताना दोन गोष्टी आधी कराव्यात : इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या डॉक्टरांकडून कमी करून घ्याव्यात, आणि आजार जुना असेल तर पडदा दाखवावा. आहाराने उतरलेली साखरही झपाट्यानेच उतरू शकते.

पुढे काय

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. लेझरने दृष्टी जाण्याचा मोठा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ पासून माहीत आहे. मध्यभागाची सूज उतरवणारी इंजेक्शने आली, आणि २०१५ पासून त्यांतल्या एकाची भारतीय कंपनीने बनवलेली स्वस्त आवृत्तीही मिळू लागली. स्कॉटलंडमधल्या २०२४ च्या अभ्यासात फेनोफायब्रेट या चरबीच्या जुन्या गोळीने पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी केले. मात्र या सगळ्यासाठी भंडाऱ्याच्या माणसाला बहुधा साठ किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. थेंब टाकल्यावर काही तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत माणूस लागतो आणि दोघांची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पडद्याचे काही उपचार आहेत. निघण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

तपासणीसाठी मात्र नागपूर लागू नये. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेवकांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले आणि त्याच मोबाइलमधल्या संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायचे त्यांना वेगळे काढले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे निकाल तज्ज्ञांच्या वाचनाच्या जवळ होते. मुंबईच्या दवाखान्यात जमते ते लाखांदूरच्या किंवा तुमसरच्या आरोग्य केंद्रात का जमू नये? कॅमेरा येईपर्यंतही एक काम बिनखर्चाचे आहे. शुगरच्या कार्डावर साखर आणि बीपीच्या शेजारी आणखी एक रकाना आखायचा : पडदा कधी पाहिला. तो कोरा असेल तर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांचा हात क्षणभर थबकेल.

आणि शिबिरातल्या टेबलावरचे ते वाक्यही थोडे लांबवता येईल : "आजी, शुगर कमी करून या, पण जाण्याआधी पलीकडच्या खोलीत पडदा दाखवून जा."